टेलिटाइप आणि सर

नव्या लॅपटॉपवर माझ्या सेटिंग्ज अजून चढायच्या होत्या, आणि सर माझ्या खुर्चीमागे उभे. बॅशमध्ये, म्हणजे टाइप केलेले हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जुने हुकूम शोधताना कंट्रोल-आरने मागे जायचं, कंट्रोल-एसने पुढे. हाताला तीच सवय. कंट्रोल-एस दाबलं, आणि टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, ठप्प.

"हँग झालं," सर म्हणाले.

"हँग नाही सर, थांबवलंय."

"कोणी?"

"टेलिटाइपने."

"हा कोण? नवीन जॉइन झालाय?"

मी सांगितलं, हे १९६३ सालचं यंत्र, कागदी पट्टीवरची भोकं वाचणारं. समोरच्याची दमछाक झाली की 'थांब' म्हणायला कंट्रोल-एस, 'चल' म्हणायला कंट्रोल-क्यू.

"मग ते यंत्र कुठंय?"

"गेलं सर."

"मग खूण कशाला ठेवलीय?"

इतका शहाणा प्रश्न सरांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. कौतुक करणार, तेवढ्यात "सरक जरा" म्हणत त्यांनी वरचा बाण आणि एंटर, वरचा बाण आणि एंटर असा सपाटा लावला. आता गंमत अशी, की पडदा गोठलेला असला तरी दाबलेल्या कळा आत साठत असतात. आणि माझा शेवटचा हुकूम होता सगळ्या विभागाला आठवणीची मेल पाठवायचा. मी कसाबसा कंट्रोल-क्यू गाठला आणि मेलमागून मेल सुटल्या.

"बघ, चाललं ना!" सर म्हणाले. माफी मात्र मी मागितली.

चीड कसली येते, तर हे सगळं 'एसटीटीवाय वजा आयएक्सऑन' या 'थांब-चल' बंद करणाऱ्या एका ओळीत मिटतं. पण ती ओळ ज्याची त्याने, दर मशीनवर, स्वतः लिहायची. बरं, इनपुटआरसी या बॅशच्या कळांच्या फाइलीत हौसेने कळा बांधाव्यात तर झीशेल, हा बॅशचाच भाऊबंद, त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला त्याच्या बाइंडकी या हुकुमाने वेगळं समजवा. टर्मिनलमधल्या व्हिम या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमला कंट्रोल-आय शिकवा, टॅबही तेच करू लागतो, कारण टर्मिनलच्या लेखी दोघं एकच. आणि ज्या कॅप्स लॉकचा मला कधी उपयोग नाही, तो मोक्याची जागा अडवून ऐसपैस बसलेला. त्याची तेवढी मी लगेच कंट्रोलची कळ करून टाकली.

दुपारी मी जागेवर नसताना सर माझ्या मशीनवर बसले होते म्हणे. मोठी अक्षरं उमटेनात, म्हणून त्यांनी कीबोर्ड खराब असल्याची तक्रार नोंदवलीय. तातडीची.