फुकट सॉफ्टवेअर आणि एक शंभरपानी वही

"सॉफ्टवेअर फुकट आहे ना, मग त्याची माहिती लिहायला पैसे कशाला?" आज चार ग्रंथालयांच्या बैठकीत हे ऐकलं आणि घरी आल्यापासून डोकं शांत होत नाही.

मागणी काय होती? आपण सगळे कोहा वापरतो, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवायचं आणि शोधायचं फुकट सॉफ्टवेअर. त्याच्या माहितीपुस्तिकेतला बॅकअपचा भाग नव्या आवृत्तीवर तपासायचा, मराठीत आणायचा, दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला पाठवायच्या. आमच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मुलीला तीन महिन्यांचे ३०,०००. प्रत्येकी साडेसात हजार. तेवढे आपण शाल-श्रीफळात घालवतो!

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर होती. आमचा कॉम्प्युटर पाण्यात गेला. पेनड्राइव्हवर बॅकअप होता म्हणून मी निर्धास्त. नव्या मशिनवर डेटाबेस हातानं चढवला आणि शोधायला गेलो, तर एकही पुस्तक सापडेना. नोंदी सगळ्या जागेवर, पण शोधात काहीच नाही. शोधाची सूची वेगळी असते, ती पुन्हा बांधावी लागते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तीन रात्री ही मुलगी जागली. उत्तर निघालं एका ओळीच्या कमांडचं, 'कोहा-रिबिल्ड-झेब्रा'. तिनं ते सगळं शंभरपानी वहीत उतरवून ठेवलं.

आज नाही म्हणणाऱ्यांनीच नंतर त्या वहीच्या पानांचे फोटो मागवले होते. तेव्हा ते काम होतं, आज नाही?

आणि कोहा फुकट झालं कसं? न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयानं पैसे मोजून ते बनवून घेतलं, २००० साली वापरात आणलं आणि जगाला देऊन टाकलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. भेटीचेही पैसे आधी कुणीतरी भरलेले असतात. गूगलनंसुद्धा २०१९ मध्ये 'सीझन ऑफ डॉक्स' हा उपक्रम काढून अशा लिखाणासाठी तांत्रिक लेखकांना पैसे दिले.

आवृत्ती बदलली की लिहिलेलं जुनं होतं, कबूल. मग दरवर्षी थोडे बाजूला काढा.

ते फुकटचं वाक्य बोलणाऱ्या काकांवर खरं तर राग नाही. त्यांनी चाळीस वर्षं एक पैसा न घेता ग्रंथालय सांभाळलं, त्यांना सेवेचे पैसे मागणं खटकतं. मीही त्याच वळणाचा. पण ही मुलगी मिरजेहून रोज एसटीनं येते, घर तिच्यावर आहे. तिच्या तीन रात्रींचे मी तेव्हा काहीच दिले नाहीत, हे आज बैठकीत बसल्या बसल्या फार लागलं.

वही टेबलावर ठेवली होती. कुणी उघडली नाही.

माझे ५,००० धरा. उरलेल्या २५,००० साठी कोण येतंय, खाली लिहा. काम पुढच्या महिन्यात सुरू करायचंय, पावसाच्या आधी.