हँडब्रेक ओढून क्लच तपासायचा मेसेज फिरतोय, त्याबद्दल

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या पुण्यातल्या मंडळींकडून एकच मेसेज मला या आठवड्यात चारदा आला. एमजीबीसारख्या जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच घरीच तपासा, हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच सोडा, इंजिन बंद पडलं तर क्लच ओके, नाही पडलं तर क्लच प्लेट गेली, सरळ क्लच सेट बदला. आणि क्लचचं पेडल खाली जात असेल तर तेही स्लिपचंच, म्हणजे क्लच न धरता घसरण्याचंच, लक्षण म्हणे. एमजीबीचा क्लच बदलायला इंजिन उतरवावं लागतं हो, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं, इंजिन बंद पडलं म्हणजे क्लच चांगला, हे चूक. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, इंजिनात जोर असतो किती? तेवढ्याला अर्धी झिजलेली प्लेटपण धरते. या 1798 सीसी इंजिनाचा खरा जोर येतो 3000 आरपीएमच्या आसपास, आणि स्लिप आधी तिथेच दिसतो, वरच्या गिअरमध्ये, चढाला, गाडी गरम असताना. दिवे घाटात चौथ्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या, रेव्ह काउंटरचा (आरपीएम मीटरचा) काटा वर पळाला आणि स्पीडोचा जागेवर राहिला तर क्लच स्लिप होतोय. गाडीत ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागचा जादा वेगाचा गिअर) असेल तर मात्र आधी तो बंद करून बघा, कारण ओव्हरड्राइव्ह घसरला तरी काटा असाच पळतो आणि बिचारी क्लच प्लेट बदनाम होते.

आता "नाही पडलं तर प्लेट गेली". इथे माझे पैसे गेलेत. माझी गाडी सकाळी थंड असताना घाट मस्त चढायची, पण हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबून झाला की स्लिप सुरू. एका गॅरेजने याच टेस्टवर इंजिन उतरवलं, नवीन सेट टाकला, आणि पहिल्याच दुपारी परत तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी, गाडी स्लिप होत असतानाच, इंजिन बंद करून क्लच दाबणाऱ्या स्लेव्ह सिलेंडरचा ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, पाव आटा सैल केला. पेडलला कुणी हातही लावला नव्हता, तरी काळपट ब्रेक ऑइलची (क्लच त्याच्याच दाबावर चालतो) पिचकारी उडाली आणि क्लच ढकलणारा पुशरॉड डोळ्यांदेखत मागे सरकला. निपल घट्ट केला, चक्कर मारली, स्लिप गायब! स्लेव्हकडे जाणारा रबरी होज आतून फुगलेला, ऑइल पुढे जायचं पण परत येत नव्हतं, म्हणजे पाय काढला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहायचा. पेडलकडच्या मास्टर सिलेंडरचं परतीचं भोक बुजलं तरी हेच होतं. आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून प्लेटवर इंजिन ऑइल आलं असेल तर सील न बदलता नवीन प्लेट टाकली की तीपण तेलकटच होणार.

हँडब्रेकही बघा, तो फक्त मागच्या ड्रमवर, ढिला असेल तर गाडी पुढे सरकते आणि इंजिन बंद पडतच नाही, यात क्लचचा काय दोष?

पेडल खाली जाण्याचं तर पूर्ण उलटं आहे. हवा शिरली किंवा सिलेंडर गळाला तर क्लच नीट सुटत नाही, गिअर कडकडतात, रिव्हर्स ओरडतो. स्लिपमध्ये तो नीट धरत नाही. अशा गाडीला आधी ब्लीड करा, म्हणजे हवा काढा, आणि हो, ते ब्रेक ऑइल पेंटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.