काकू, खाली बसा!

ऐरोलीच्या एका कंपनीत मी वीस वर्षं माणसं निवडण्याचं काम करतेय. 'टीम प्लेयर' हा शब्द इतक्या बायोडेटांत वाचलाय की घरात कुणी समजूतदारपणे वागलं तरी मला संशय येतो.

परवा चिरंजीवांनी आपला बायोडेटा तपासायला दिला. 'नेतृत्व, संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, दडपणाखाली निर्णय. अनुभव : बीजीएमआय, 2021पासून.' बीजीएमआय म्हणजे 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', मोबाइलवर टोळीने खेळायचा गोळीबाराचा गेम. 2022च्या जुलैत सरकारने तो गेम बंद केला, तो पुढच्या मे महिन्यात परत आला. ते दहा महिने त्याने प्रामाणिकपणे 'करिअर गॅप' म्हणून दाखवले होते.

"अरे, हे कोण वाचणार?"

लगेच 2007चा अमेरिकन अभ्यास अंगावर आला. आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जनांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात 37 टक्के कमी चुका केल्या म्हणे.

"ते आधी सर्जन झाले होते," मी म्हटलं.

रविवारी चिरंजीवांच्या टोळीतला चौथा भिडू साखरपुड्याला गेला. "आई, तू ये. मग बोल."

गेले. शंभर जण विमानातून उड्या मारतात, खेळायची जागा (झोन) आक्रसत जाते, शेवटी एकच टोळी उरते. मैदान आठ किलोमीटर लांब, आठ रुंद. (एवढ्यात घोडबंदर रोडवर संध्याकाळ मावळते.) मी छत्रीसकट एका कौलावर अडकले. हेडफोनमध्ये नागपूरचा एक मुलगा, मला जन्मात न भेटलेला, अतिशय अदबीने ओरडत होता, "काकू, खाली बसा! काकू, तुम्ही उभ्या राहून विचार करताय!"

मी पडले.

"हरकत नाही काकू, येतो उचलायला." गोळ्यांच्या पावसात तो रांगत आला, मला उठवलं, मलमपट्टी दिली. "आता हा तवा घ्या, पाठीला असू द्या. गोळी अडवतो." म्हणजे इथेही सुटका नाही.

माझा मुलगा, जो घरी तीन हाका मारल्याशिवाय हूं म्हणत नाही, तो शांत आवाजात सांगत होता : डावीकडे दोघं, झोन आक्रसतोय, गाडी मी आणतो, आईला मधे घ्या. एका वाक्यात एक काम, आणि कुणाला, तेही स्पष्ट. आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये हे एवढंच ठरायला दीड तास लागतो आणि नंतर मेलवर परत विचारतात.

आम्ही सहावे आलो. माझ्यामुळे. पण कुणी तसं म्हणालं नाही. "काकू, तवा छान सांभाळलात," एवढंच.

रात्री बायोडेटात मी 'दडपणाखाली निर्णय' ही ओळ राहू दिली. 'वेळेचं नियोजन' मात्र खोडलं. साडेनऊला वाढलेल्या पोळ्या साडेअकराला तशाच ताटात होत्या. त्यातल्या दोन माझ्या.