पेन्सिल सेलवरच्या कंट्रोलरबद्दल आमच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार सर. हिंगोलीहून नांदेडला येऊन तुम्ही मुलासाठी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स गेम मशीनचा कंट्रोलर नेलात आणि आता दोन स्टार देऊन लिहिलंत, की पेन्सिल सेलवर चालणारी जुनाट वस्तू गळ्यात मारली, टाइप-सी वायर लावूनही चार्ज होत नाही, सेल चार दिवसांत संपतात, प्लेस्टेशनचा बघा कसा चार्ज होतो.

पीस खराब नाही, सर. ते पोर्ट आतले साधे सेल चार्ज करत नाही, आणि करूही नये. अल्कलाइन सेल चार्ज करायला गेलं तर तो गळतो, कधी फुटतोही. वायरने चार्ज होतो तो मायक्रोसॉफ्टचा वेगळा मिळणारा बॅटरी पॅक. पण वायर लावलेली असली की सेल काढून टाकले तरी कंट्रोलर चालतो. मुलाला आजच करून बघायला सांगा.

आता चार दिवसांचं. किराणा दुकानातले स्वस्त सेल घड्याळाला वर्षभर पुरतात, पण कंट्रोलर थरथरतो तेव्हा आतल्या मोटरा एकदम जास्त करंट ओढतात, तिथे ते मान टाकतात. त्याहून दमदार अल्कलाइन सेलवर कंपनी ४० तासांपर्यंत सांगते. रोज खेळणाऱ्या पोराला मी तेही सुचवत नाही. चार रिचार्जेबल निकेलचे सेल घ्या, दोन कंट्रोलरमध्ये, दोन चार्जरवर. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात म्हणून लोक बिचकतात. कंट्रोलर त्यावर नीट चालतो, फार तर स्क्रीनवरची बॅटरीची खूण थोडी चुकते. आणि ते शेकडो वेळा चार्ज होतात.

प्लेस्टेशनचा वापरायला सोपा आहे, हे अगदी खरं. मीही तो विकतो. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ च्या महागड्या एलिट कंट्रोलरमध्ये बॅटरी आतच बसवली. पण लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. फुल्ल चार्ज होऊन मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिली की तिची ताकद कायमची घटते, आणि आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. मग तो कंट्रोलर माझ्या टेबलावर येतो. बटणं, स्टिक सगळं ठणठणीत, फक्त बॅटरी गेलेली. स्क्रू काढा, कव्हर उघडा, आतल्या नाजूक पट्ट्या सांभाळा. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरची मूळ बॅटरी १००० एमएएचची, प्लेस्टेशन ५ ची १५६० ची. बाजारात तेवढ्याच आकाराच्या डुप्लिकेटवर दुप्पट आकडा छापलेला दिसतो. तसली मी बसवत नाही, आणि चांगली वस्तू तशीच परत देताना फार वाईट वाटतं. युरोपने तर २०२३ मध्ये कायदाच केला, की फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः बदलता आली पाहिजे. तुमच्या मुलाला ते आत्ताच जमतं, झाकण सरकवून.

म्हणूनच मी तुम्हाला हा दाखवला, आणि उद्याही हाच दाखवीन.

पुन्हा नांदेडची खेप करू नका. अल्कलाइनची नवी जोडी घालून बघा, जुना-नवा सेल एकत्र घालू नका. तरीही चार दिवसांत संपले तर दुकानात फोन करा, वॉरंटीचं मी स्वतः बघतो. आणि परीक्षेच्या दिवसांत खेळणं बंद असेल तर सेल काढून ठेवा, गळाले तर आतली धातूची पट्टी गंजते.