चिपचं मशीन म्हणजे ग्राफिक्स कार्ड नव्हे

पुण्यातल्या मॅन्युफॅक्चरिंगवाल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, की एनव्हिडियाचे जीपीयू (एआयसाठी लागणारी ग्राफिक्स कार्डं) चीनला चोरून जातात तशीच चिप बनवायची मशीनं पण जातात, त्यांची 7 नॅनोमीटरची चिप हाच पुरावा, म्हणून एक्स्पोर्ट कंट्रोल, म्हणजे असला माल बाहेर विकायला सरकारी लायसन्स लागणं, हे सगळं कागदी नाटक आहे, आणि आपल्याला त्याच्याशी काय घेणंदेणं. चांगले अनुभवी इंजिनिअर पण हे पुढे ढकलतायत म्हणून लिहितोय.

जीपीयू कुठंही न्या, सर्व्हरला लावला की चालू. एएसएमएल या डच कंपनीचं ईयूव्ही मशीन, म्हणजे चिपवर सगळ्यात बारीक नक्षी उमटवणारं मशीन, हे 150 टनांच्या वरचं धूड, ते 40 कंटेनरमधून येतं आणि जोडायला कंपनीचीच माणसं महिनोन्‌महिने बसतात, कारण आत सेकंदाला 50 हजार कथलाचे थेंब लेझरने टिपायचे असतात. डच सरकारने लायसन्सच न दिल्यामुळे चीनला यातलं एकही विकलेलं नाही.

आणि ती 7 नॅनोमीटरची चिप, म्हणजे ऑगस्ट 2023 मधल्या हुआवे मेट 60 मधली, एसएमआयसी या चिनी चिप कंपनीने डीयूव्ही या जुन्या पिढीच्या मशीनवर एकाच थरावर परत परत पॅटर्न मारून बनवली. ती मशीनं रीतसर विकत घेतलेली होती! डीयूव्हीसाठी डच सरकारचा लायसन्सचा नियम लागू झाला 1 सप्टेंबर 2023 ला, आणि 1970आय, 1980आय ही डीयूव्हीची जुनी मॉडेलं त्यांच्या यादीत आली सप्टेंबर 2024 ला. नियम उशिरा आला म्हणून तो बंदच करा, हे कुठलं लॉजिक?

चोरी होतच नाही असं मी म्हणत नाहीये. 1980 च्या दशकात तोशिबा मशीन कंपनीने पाणबुडीचे प्रोपेलर कापायची नऊ ॲक्सिसची अजस्त्र मशीनं साधी म्हणून कागदावर दाखवली आणि सोव्हिएत युनियनला दिली. आता गळती आहे ती सुट्या पार्टमध्ये, जुन्या मालात आणि मधल्या ट्रेडरमध्ये. डिसेंबर 2025 मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की शेनझेनमध्ये ईयूव्हीचा प्रोटोटाइप उभा राहिलाय, त्यात जुन्या एएसएमएल मशीनचे पार्ट सेकंडहँड बाजारातून आणलेत. म्हणजे लक्ष तिथं द्यायला हवं.

कागदी नाटक म्हणणाऱ्यांनी भोसरी-चाकणमध्ये कुणी जपानी फाइव्ह-ॲक्सिस मशीन हलवलं असेल त्याला विचारावं. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये हलवल्याचं ओळखणारं डिव्हाइस असतं, क्रेनने उचलून शेजारच्या शेडमध्ये ठेवलं, पॉवर दिली, की स्क्रीनवर लॉक, स्पिंडल ढिम्म हलत नाही. मग कंपनीचा सर्व्हिसवाला येणार, नवी जागा बघणार, तेव्हा कुठं ते उघडणार. हे कुलूप एक्स्पोर्ट कंट्रोलसाठीच आहे. तसलंच काहीतरी चिपच्या मशीनमधल्या लेझर सोर्स, स्टेज (सिलिकॉनची चकती हलवणारा भाग) अशा महागड्या पार्टला लावायला काय हरकत आहे?

आपल्याला घेणंदेणं काय म्हणाल तर भारत 2017 पासून वासेनार करारात, म्हणजे असल्या मालाच्या एक्स्पोर्टवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटात आहे, डीजीएफटी या आपल्या परदेशी व्यापार खात्याची स्कोमेट यादी (लायसन्स लागणाऱ्या मालाची) आपल्या एक्स्पोर्टरना पण लागू आहे, आणि गुजरातेत धोलेऱ्यात टाटांचा फॅब (चिपचा कारखाना) उभा राहतोय त्याची मशीनं याच मोजक्या देशांतून येणार आहेत. इथल्या एखाद्या ट्रेडरने असले पार्ट पुढे सरकवले तर पुढचं लायसन्स आपलंच अडकेल, तेव्हा जुन्या मशिनरीचा धंदा करणाऱ्यांनो, शेवटी माल कोण वापरणार ते लेखी घेतल्याशिवाय देऊ नका.