दुसऱ्याची वीज

वीज वाचवायला आमच्या घरात कोणाचीच ना नाही. फक्त प्रत्येकाला ती दुसऱ्याची वाचवायची असते. बाबांच्या डोळ्यांत माझा एसी खुपतो. मला बाबांचा टीव्ही, जो ते पेपर वाचतानाही चालू ठेवतात. हिला आईचं फ्रीज उघडून त्यासमोर भाजीचा विचार करणं सहन होत नाही. आणि आईला हिचा मायक्रोवेव्ह. "गॅस काय शोभेला ठेवला आहे का?"

त्यात मार्चच्या बिलाने ३०० युनिटांची वेस ओलांडली. त्या वेशीबाहेर प्रत्येक युनिटाला जास्त भाव पडतो. बाबांनी बिल भिंतीवर, देवांच्या कॅलेंडरशेजारी लावलं. नेमका तेव्हाच पुण्याहून माझा इंजिनिअर भाचा आला, आणि येताना प्लगमध्ये खोचायचं एक मीटर घेऊन आला. प्रत्येक यंत्राच्या मागे वाकून तो आकडे टिपू लागला.

"काय पाहून राहिला रे तू?" आईने विचारलं.

"आजी, कोण किती खातं ते पाहतोय."

"पाहुण्यानं असं मोजू नये बाप्पा," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

तपासात पहिला सापडला सेटटॉप बॉक्स. रिमोटने झोपवला तरी त्याचं खाणं चालूच. मग हॉलमधला पंखा, माझ्याहून वयाने मोठा. "मामा, हा ७५ वॅट घेत असणार. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तीसेक वॅटमध्ये भागवतो." बाबा म्हणाले, हा पंखा अजून आवाज करत नाही. करतो, आम्हालाच आता तो ऐकू येत नाही.

एसीशी आल्यावर मात्र भाचा एकदम सरकारी झाला. "२४ वर ठेवा. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते, ऊर्जा दक्षता ब्युरोच सांगतो." पुण्याच्या माणसाने नागपूरच्या माणसाला मे महिन्याच्या तोंडावर २४ सांगणं याला धाडस लागतं. आमच्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी भर दुपारी नळातून चहाच्या लायकीचं येतं. तरी मी ऐकलं. १८ वरून २३ वर आलो. चोवीसला मन धजावलं नाही.

बाबांना वाद मान्यच नाही. त्यांचा पक्ष कूलरचा. कोरड्या हवेत पाणी उडून जातं, जाताना हवेची उष्णता घेऊन जातं. मोटर आणि पंप मिळून दोनेकशे वॅट, तर माझा दीड टनी एसी दीड हजाराच्या आसपास. बाबांचं गणित बिनचूक आहे, हेच त्यातलं दुखणं. पण कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर घराची दमट मोरी होते. एसीला सगळ्या खिडक्या बंद लागतात. बाबा उघडत जातात, मी लावत जातो, आणि मधल्या दारात उभी राहून ही दोघांनाही विचारते, "हवा नक्की कोणाची चालू आहे?"

कूलर उतरवला तो दिवस मात्र पाहण्यासारखा. मागच्या वर्षीच्या गवती ताट्यांवर आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर इतका जमला होता की गवत मोडताना पापडासारखा आवाज आला. नव्या ताट्या बसल्या, पंप गुरगुरला, आणि पहिलीच फवाऱ्याची धार सोफ्यावर. ओल्या गवताचा वास सुटला तेव्हा मीसुद्धा पाच मिनिटं कूलरच्या पक्षात होतो.

मग भाचा गच्चीवर गेला. स्लॅब दिवसभर तापतो, रात्री तीच उष्णता खाली सोडतो; पांढरा चुना मारला तर ऊन परतून जातं. कल्पना स्वस्त आणि उत्तम. अडचण एवढीच की गच्ची आईची. एप्रिल म्हणजे कुरडया, सांडगे, सरगुंड्या. "चुना लावा," आई म्हणाली, "माझं वाळवण झाल्यावर." वाळवण संपतं तेव्हा पाऊस येतो.

शेवटी सोलरवाल्याला बोलावलं. ३ किलोवॅटला ७८ हजारांचं केंद्राचं अनुदान आहे, हे ऐकून बाबा प्रथमच हसले. पण लगेच उत्तरेला कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "वीज तिथं दारात तयार होऊन राहिली, अन् आपण अजून छतावर कायले करायची?" सोलरवाला प्रामाणिक निघाला. पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको, पंचविशीच्या वर तापलं की वीज थोडी कमीच निघते, असं त्याने आधीच सांगून टाकलं. मग टेपने गच्ची मोजली आणि सावली न पडणारा नेमका तोच कोपरा निवडला.

आई पदराला हात पुसत वर आली. कोपरा पाहिला, काचेचा नमुना पाहिला, त्यावर बोट फिरवून पाहिलं.

"याच्यावर साबुदाण्याचे पापड टाकता येते का?"

सोलरवाल्याने खरोखर विचार केला. "येते काकू," तो म्हणाला, "पण वॉरंटी जाईन."