एकशे पंधरा बिटं नकोत, तीनच नीट घ्या

घडीचा चाकू बाळगणाऱ्या ट्रेकर मंडळींत आणि बागायतदारांत सध्या एक सल्ला हातोहात पुढे जातोय. त्याचा सारांश असा. चाकूच्या देखभालीला खास हत्यारं लागत नाहीत, दोन-अडीचशे रुपयांचा ११५ बिटांचा, म्हणजे पेचकसात बसवायच्या सुट्या टोकांचा, संच पुरतो. त्यावर ‘एस-२’ हे पोलादाचं नाव लिहिलेलं असलं की तो टिकाऊ समजावा. टॉर्क्स (सहा पाकळ्यांच्या टोकाचं) बिट नसेल तर ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, चालते. महिन्यातून एकदा चाकू पूर्ण खोलावा, डब्ल्यूडी-४० हे फवाऱ्याचं तेल मारावं, ओढून धार लावायच्या यंत्रातून दहा वेळा काढावा. आणि इतकं करूनही बिघडला तर नवा घ्यावा.

महागडी हत्यारं लागत नाहीत, हे मलाही मान्य आहे. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्य चाकूचं नुकसान करणारं आहे.

आधी त्या ११५ बिटांचं बघू. स्क्रूने जोडलेल्या आजच्या बहुतेक घडीच्या चाकूंत टॉर्क्सचे, म्हणजे सहा पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू असतात, आणि त्यांत तीन मापं पुन्हा पुन्हा भेटतात: टी-६, टी-८ आणि टी-१०. खिशाला अडकवायच्या क्लिपचे स्क्रू बहुधा टी-६ किंवा टी-८, मुठीचे त्याच घरातले, आणि पातं ज्यावर फिरतं तो मुख्य स्क्रू बऱ्याचदा टी-१०. म्हणजे ११५ पैकी ११२ बिटं तुमच्या चाकूला कधी लागणारच नाहीत. त्यांच्यावर वाटले गेलेले पैसे त्या तीन बिटांच्या पोलादातून कापलेले असतात.

शिवाय लागतात तेव्हा ती तीनही पुरत नाहीत. अनेक चाकूंचा मुख्य स्क्रू दोन्ही बाजूंनी फिरतो. एका बाजूने सोडवायला गेलं की पलीकडचा माथाही सोबत गरगरतो. अशा वेळी एकाच मापाचे दोन पेचकस लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला. ११५ च्या संचात टी-१० बहुधा एकच असतो. म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो: टी-६ एक, टी-८ एक, टी-१० दोन. बिटं नव्हे, मुठीत पक्की बसवलेल्या दांड्याचे पेचकस. बारीक बिट धारकात किंचित डुलतं, आणि टी-६ सारख्या नाजूक खाचेला तेवढं डुलणं पुरतं. डोक्यावर मोकळी फिरणारी टोपी असेल तर उत्तम. तळव्याने दाब देता येतो, बोटांनी फिरवता येतं. व्हिहा, वेरा या जर्मन कंपन्यांचे असे पेचकस मिळतात. चार वस्तूंना संचापेक्षा जास्त पैसे पडतील, पण त्या वर्षानुवर्षं चालतील.

आता ‘एस-२’. हे धक्के सोसणारं हत्यारी पोलाद आहे आणि चांगली बिटं त्याची करतात, इथपर्यंत खरं. पण पोलादाचं नाव म्हणजे निम्मीच गोष्ट. त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलंय, ही उरलेली निम्मी, आणि ती डबीवर छापलेली नसते. कोणत्याही लोहाराला विचारा, एकाच पट्टीचे दोन विळे पाणी देण्यातल्या फरकाने वेगळे निघतात. नीट पाणी दिलेलं एस-२ साधारण ५८ ते ६० रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक होतं आणि तरी पिळाला टिकतं. पाणी कमी पडलं तर पाकळ्या पिळवटून गोल होतात. कडकपणा जास्त राहिला तर टोक कट्‌कन तुटून स्क्रूच्या खाचेत अडकतं, आणि ते काढणं हे वेगळंच दुखणं.

पारखायचं कसं? जुनी पण धड दात असलेली कानस घ्या आणि बिटाच्या बाजूवर हलक्या हाताने ओढा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, चावून कीस पडला तर मऊ. दुकानदार हे करू देणार नाही, पण घरच्या संचावर करून बघा. दुकानात एवढं तरी करा: भिंगातून टोक बघा. पाकळ्या स्वच्छ, सारख्या आणि टोकापर्यंत भरीव हव्यात. चाकू सोबत असेल तर टोक खाचेत बसवून हलवा. तळापर्यंत जाऊन घट्ट बसलं पाहिजे.

हे सगळं इतकं लावून धरायचं कारण माझ्या भाच्याचा चाकू आहे. बाजारातल्या एका निनावी संचातल्या टी-६ ने त्याने क्लिपचा स्क्रू सोडवायला घेतला. आट्यांना निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद, लावलेला होता, स्क्रू हलला नाही, बिटाच्या पाकळ्या झिजल्या आणि झिजता झिजता खाचही गुळगुळीत करून गेल्या. मी बिट आणि खाचेच्या मध्ये रबराचा तुकडा घालून बघितला, उपयोग नाही. शेवटी पातळ कानशीने माथ्यावर आडवी खाच पाडली, सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक अर्धा मिनिट माथ्यावर टेकवलं, थ्रेडलॉकर नरम पडला आणि सपाट पेचकसाने स्क्रू निघाला. ती ऊब त्याने आधीच दिली असती तर त्या बिटानेही कदाचित काम झालं असतं. नवा चाकू पहिल्यांदा उघडताना ही पायरी कुणीही गाळू नये. फक्त मूठ प्लॅस्टिकची असेल तर टोक माथ्याबाहेर सरकू देऊ नका.

ॲलन की चालते, हे तर सपशेल चूक. टॉर्क्स १९६७ साली कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीने आणला तो पेचकस खाचेतून निसटण्याच्या त्रासावर उपाय म्हणून. फिलिप्सच्या, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या, खाचेच्या भिंती उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की पेचकस वर उचलला जातो. टॉर्क्सच्या भिंती उभ्या असतात आणि जोर सहाही पाकळ्यांच्या पृष्ठभागावर पडतो. २ मिमीची ॲलन की टी-१० मध्ये शिरते खरी, पण फक्त कोपऱ्यांनी टेकते. सगळा जोर त्या सहा टोकांवर, आणि खाच खरवडली जाते. टी-१० च्या जागी टी-९ लावणंही तसंच. दोघांत पाव मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणून तो बसल्यासारखा वाटतो आणि तोच घात करतो.

महिन्याला चाकू खोलायचा सल्ला कुणी दिला असेल ते कळत नाही. दर वेळी थ्रेडलॉकर तुटतो, आटे झिजतात, बारीक वॉशर हरवतात. पातं सहज उघडत-मिटत असेल तर खोलू नका. डुलत असेल तर मुख्य स्क्रू आठवा भाग फेरा आवळून बघा. आणि सगळे चाकू खोलायचे नसतातच! व्हिक्टोरिनॉक्सचा स्विस आर्मी चाकू रिव्हेटांनी कायमचा जोडलेला असतो. फ्रान्सच्या सव्हॉय भागातल्या ओपिनेलमध्येही सोडवायला एक स्क्रू नाही, १९५५ पासून त्यावर पातं अडवणारी फिरती कडी तेवढी आहे. आपल्याकडचे कलम करायचे चाकूही बहुधा रिव्हेटचेच. यांना कोमट पाणी, दात कोरायची काडी, जुना टूथब्रश, नीट वाळवणं आणि सांध्यात तेलाचा एक थेंब एवढंच हवं. अपवाद ओपिनेलचा: त्याची बीचच्या लाकडाची मूठ पाण्याने फुगते आणि पातं आत घट्ट बसतं, म्हणून तो भिजवू नका, पुसून घ्या.

तेलाबद्दल. डब्ल्यूडी-४० मधलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणारं, आणि त्याचा जन्मही १९५३ साली त्याच कामासाठी झाला. कीट सैल करायला, ओल घालवायला ते छान. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर फार पातळ असतो. त्याने साफ करा, पुसा, मग शिवणयंत्राचं तेल घाला. त्याच चाकूने फळं चिरत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. कोकणातले माझे नातेवाईक खोबरेल घालतात, त्यांना दर वेळी सांगतो: ते २४ अंशांच्या खाली थिजतं आणि जुनं झालं की चिकटतं.

आणखी एक गोष्ट त्या सल्ल्यात नाहीच. एस-२ गंजतं, ते स्टेनलेस नव्हे. पावसाळ्यात पेचकसाची टोकंही तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावी लागतात, नाहीतर आषाढात ठेवलेलं हत्यार दसऱ्याला तांबूस निघतं.

ओढायच्या यंत्रात कार्बाइडच्या दोन पट्ट्या इंग्रजी व्हीसारख्या बसवलेल्या असतात. त्या धार लावत नाहीत, धातू खरवडतात, आणि दहा वेळा ओढलं की दहा वेळा खरवडतात. तळहाताएवढी, बारीक दाण्याची डायमंड प्लेट (हिऱ्याची पूड बसवलेली धार लावायची पट्टी) घ्या. निसणा मधोमध खोलगट होतो, तशी ती होत नाही, फक्त तिच्यावर जोर देऊ नका.

राहिला नवा चाकू घ्यायचा सल्ला. भाच्याच्या चाकूत बिघडला तो एक स्क्रू. आडवी खाच पाडलेला तोच स्क्रू सध्या परत बसवला आहे आणि क्लिप घट्ट आहे. बदली मिळवायची तर जाडी, लांबी आणि आटे तिन्ही जुळले पाहिजेत, कारण काही चाकूंत मेट्रिक आटे असतात, काही अमेरिकन चाकूंत इंचाच्या मापाचे. म्हणून खराब झालेला स्क्रू फेकू नका, डबीत ठेवा आणि दुकानात तोच घेऊन जा.